चांदणी ओ देईना

आमच्या व्याह्यांइतका हट्टी माणूस अकोले तालुक्यापासून खर्ड्यापर्यंत सगळा जिल्हा पालथा घातला तरी सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो मी असेन. मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर पाटकरी होतो, म्हणजे कालव्याच्या चाऱ्यांवर फिरून कुणाच्या वावराला किती तास पाणी द्यायचं ते बघायचो, आणि पुढाऱ्याच्या उसालाही पाळी सोडून थेंब दिला नाही. व्याही दहावी पास. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं श्रीरामपुरात फॉल्ट काढायला होते. माझी एकुलती एक लेक त्यांच्या एकुलत्या एक मुलाला दिली. मुलीचा बाप असून मी कधी त्यांच्यापुढं मान खाली घातली नाही आणि मुलाचा बाप असून त्यांनी कधी ताठ केली नाही, कारण त्यांची मान कायम कुठल्या तरी वायरींच्या गुंत्यात घातलेली असायची. लग्नाच्या बैठकीत माझे चुलते घाम पुसत म्हणाले, "पाव्हणं, तुमची काय मागणी असंल ती मोकळ्या मनानं सांगा." व्याह्यांनी छताकडं बघितलं, पंख्याची वायर उघडी आहे असं सांगितलं, आणि मग म्हणाले, "पत्रिका मला दोन द्या. एक वाचायला, एक ठेवायला. ठेवायच्या पत्रिकेला हळदकुंकू लावू नका." एवढीच मागणी.

त्याचं कारण पुढं कळलं. त्यांना लग्नपत्रिका जमवायचा नाद होता. नाद म्हणजे कसा, तर कुणाचीही पत्रिका आली की आधी कोपऱ्यावरचं कुंकू बघायचे आणि आणणाऱ्याला झापायचे, "अहो, मामाच्या नावावर बोट उमटवलंय तुमी! पन्नास वर्षांनी हा मामा कुनाला वाचता येनार हाय का?" आजूबाजूच्या चार तालुक्यांतल्या पत्रिका त्यांच्याकडं पोत्यांनी होत्या. आधी ट्रंकेत होत्या, ट्रंकेत वाळवी शिरली, तेव्हापासून एकेक पत्रिका मशिनीत घालून तिचा फोटो काढून संगणकात ठेवायला लागले. गावागावाचे वेगळे कप्पे. सोयरीक जुळवायला निघालेली माणसं वाट वाकडी करून त्यांच्या ओट्यावर यायची. चहा उकळेपर्यंत हे तीन पिढ्यांची नाती काढून द्यायचे. एकदा दोन्हीकडची मंडळी पेढे घेऊनच आली होती. ह्यांनी दोन जुन्या पत्रिका शेजारी शेजारी उघडून दाखवल्या आणि म्हणाले, "पेढे ठेवा, पन लग्न लावू नका. मुलाची आजी आन् मुलीचा आजा सख्खी भावंडं हायेत." पेढे चांगले होते. मी त्या दिवशी तिथंच होतो.

दुसरी खोड नंबरांची. श्रीरामपुरात पूर्वी फोन मोजके होते आणि ह्यांना ते सगळे पाठ. त्यामुळं ह्यांच्या डोक्यात माणसांना नावंच नव्हती. कापसाचे व्यापारी म्हणजे एकशे नव्वद, चर्चजवळचे हेडमास्तर म्हणजे तीनशे चार. एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दहाव्याला आम्ही दोघं नदीवर गेलो होतो. कावळा शिवला, सगळे उठले, हे तिथंच डोळे पुसत बसलेले. मला म्हणाले, "दोनशे सोळा गेला हो पाव्हणं. कधी एंगेज लागला न्हाई." माणसाबद्दल यापेक्षा चांगलं काही बोलता येतं असं त्यांना वाटत नसावं. माझ्याकडं तेव्हा फोन नव्हता, त्यामुळं मला नंबर नव्हता. लग्नानंतर लगेचच त्यांनी विचारलं, "तुमचा नंबर काय धरू?" मी म्हटलं, "धरू नका. मी हाक मारल्यावर येतो." ते त्यांना आवडलं नाही. पण मीही बदललं नाही.

विहीणबाई होत्या तोवर त्या घराला घरपण होतं. त्या गेल्या, पोरं बंगळूरला गेली, त्याआधी वर्षभर माझीही मंडळी, म्हणजे लेकीची आई, गेली होती. मग मी दर मंगळवारी एसटीनं श्रीरामपूरला जायला लागलो. सांगायला कारण असायचं, कधी औषध, कधी चष्मा. कारण संपलं की नवीन काढायचो. व्याह्यांकडं तेव्हा चांदणी नावाची गाय होती. घोडेगावच्या बाजारातून आम्ही दोघांनी आणलेली. म्हणजे पारख माझी, दोरी त्यांच्या हातात. कपाळावर पांढरा ठिपका. फाटकातून "चांदणे" म्हटलं की आतून हंबरायची. त्या घरात हाकेला ओ देणारी तीच एक उरली होती. तीही म्हातारी होऊन गेली, तेव्हा ह्यांनी मुलाचा जुना संगणक विहीणबाईंच्या शिलाई मशिनीच्या टेबलावर मांडला, त्यात सगळ्या पत्रिका भरल्या आणि त्याला चांदणी नाव दिलं. त्याला सर्व्हर म्हणतात. मला समजलं ते एवढंच की पत्रिका त्या एका संगणकात राहतात आणि घरातल्या दुसऱ्या संगणकावरून, नाहीतर मोबाइलवरून, त्याचं नाव घातलं की उघडतात. मी म्हटलं, "गाईचं नाव मशिनीला?" तर म्हणाले, "ही पन कोपऱ्यात बसून घुमती. हिला पन येळेवर बघावं लागतं. आन् हाक मारली की ही पन ओ देती." पत्रिका छापणाऱ्या प्रिंटरचं नाव त्यांनी मामा ठेवलं होतं, कारण तो ऐन लग्नात रुसायचा.

मग एका पावसाळ्यात जुनं इंटरनेट बंद पडलं, काचेच्या तारेचं नवीन आलं आणि त्याच्याबरोबर भिंतीवर नवीन डबा आला. त्या दिवसापासून चांदणी ओ देईना. म्हणजे बंद नव्हती. व्याह्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो डबा एक नंबर देतो. आपण नाव घ्यायचं, आणि त्या नावाचा नंबर कोणता हे संगणकानं शोधून तिथं जायचं. आता चांदणीचा नवीन नंबर घातला की ती उघडायची, पण नाव घातलं की नुसती वाट बघायला लावायची आणि शेवटी सापडत नाही म्हणायची. मी म्हटलं, "मग नंबर घाला की. तुमचा तर जल्म नंबरात गेलाय." त्यावर ते खुर्चीतून अर्धे उठले. "पस्तीस वर्सं मी मान्सं नंबरानं वळखली पाव्हणं, ती नोकरी हुती. घरात नंबर चालायचा न्हाई." आणि फॉल्ट रजिस्टर काढलं. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी ह्यांच्या घरात फॉल्ट रजिस्टर होतं. त्यात मिक्सरपासून गुडघ्यापर्यंत सगळे बिघाड लिहिलेले असायचे. त्यांनी लिहिलं, "चांदणी. नंबराने आहे. नावाने नाही. तपास चालू."

तो तपास चार महिने चालला. दर मंगळवारी मी जायचो, चहा व्हायचा, आणि मग व्याही टेबलाखाली शिरायचे. वायरींची टोकं स्पिरिटनं पुसायचे. डबा बंद करून शंभरपर्यंत मोजून चालू करायचे. मी सूचना केली की म्हणायचे, "पाव्हणं, हे पान्याचं काम न्हाई. तुमी फक्त बॅटरी धरा." आख्ख्या चारीवर ज्याच्या शब्दाशिवाय पाण्याचं दार उघडायचं नाही तो माणूस मी, आणि चार महिने बॅटरी धरून वाकलो. पण खरं सांगतो, त्या चार महिन्यांत मला एकाही मंगळवारी औषधाचं कारण काढावं लागलं नाही. जावईबापू फोनवरून म्हणायचे, "दादा, मला नुसता स्क्रीन दाखवा, दोन मिनिटांत बघतो." व्याही म्हणायचे, "तू तुझं हापिस बघ. ह्या घरातला फॉल्ट ह्या घरातला माणूस काढंल."

त्याच थंडीत व्याही न्हाणीत पडले. सकाळी पडले ते संध्याकाळी दूधवाली आली तेव्हा सापडले. हाड मोडलं नव्हतं, पण दिवसभर ओल्या फरशीवर होते. मला कळलं तसा मी पहिल्या गाडीनं गेलो. दवाखान्याच्या खाटेवर बसून ते सलाइनची नळी कुठून कुठं जाते ते बघत होते. मी रागानंच विचारलं, "हाका का न्हाई मारल्या?" ते नळीवरून नजर न काढता म्हणाले, "कुनाच्या नावानं मारू?"  पडले तो बुधवार होता. आदल्या दिवशी मी तिथंच बॅटरी धरून बसलो होतो.

मग पोरांनी धोशा लावला, दादा, बंगळूरला या. व्याही म्हणायचे, "येतो की. चांदणी नीट झाली की येतो. आजारी जनावर टाकून कुनी घर सोडतं का?" माझ्या लेकीनं मला फोन केला. "आण्णा, ते तुमचंच ऐकतील. तुम्ही सांगा त्यांना. परत पडले तर कोण आहे तिथं?" मी म्हटलं, "सांगतो." आणि सांगितलं नाही. मंगळवार आला की मी बॅटरीत नवीन सेल घालून निघायचो. लेक मलाही कितीदा बोलावते, पण लेकीच्या घरी चार दिवसांच्या वर राहायचं नाही हे मी तिच्या लग्नातच ठरवलेलं, आणि एकदा ठरवलेलं मी मोडत नाही. म्हणजे ते गेले तर मी इकडंच.

इतकं सगळं कळत असून त्या मंगळवारी माझ्या हातून व्हायचं ते झालंच. व्याही टेबलाखाली होते. मी कंटाळून जावयानं दिलेला मोबाइल काढला आणि लेकीच्या लग्नाची पत्रिका बघावी म्हणून चांदणीचं नाव दाबलं. उघडली की! माझं नाव, मंडळींचं नाव, खाली माझ्या चुलत्यांची रांग. मी म्हटलं, "पाव्हणं, माझ्या मोबाइलवर चांदणी नावानं उघडती." टेबलाखालून आवाज आला, "मोबाइलचं सोडा." आता हे सोडायचं कसं? कालव्याला वरच्या तोंडाला हेड म्हणतात आणि शेवटच्या वावराला टेल. टेलला पाणी आलं नाही की शेतकरी हेडला जाऊन भांडतो, पण पाटकरी तसं करत नाही. शेजारच्या वावराला पाणी येत असेल तर हेड चांगलं आहे, दोष ह्याच्याच चारीत आहे. आणि दुसरं असं की पाणी कुठं नाहीसं होत नाही. तुमच्या वावरात नाही आलं तर दुसऱ्या कुणाच्या तरी वावरात चाललंय. मी इतकी वर्षं दुसरं काय केलं?

मी बॅटरी खाली ठेवली. म्हटलं, "पाव्हणं, भाईर या. तुमी संगणकावर चांदणीला हाक मारत ऱ्हावा. मी घरात फिरून बघतो तुमचं पानी कुठं चाललंय." ते नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. त्यांनी बटण दाबलं. चांदणी गप्प होती. मी टीव्हीपाशी जाऊन उभा राहिलो, काही नाही. "मारा परत." कोपऱ्यात मामा प्रिंटर कपड्याखाली झोपलेला. मी कपडा काढला. "मारा." आणि सांगतो, मामाच्या तोंडावरचा दिवा लागला. दोन मिनिटांनी तो परत झोपला. "मारा." परत लागला. मी एवढ्यानं ओरडलो की शेजारीण भिंतीवरून बघायला लागली. "सापडला! अहो, तुमी हाक मारताय चांदणीला आन् उठतोय मामा! तुमच्याच संगणकात कुठंतरी चांदणीचा जुना नंबर लिव्हून ठेवलेला हाय. नव्या डब्यानं तो नंबर मामाला दिला. माझ्या मोबाइलात काय लिव्हलेलं न्हाई, म्हनून तो डब्याला इचारून बरोबर जातो. तुमचा संगणक कुनाला इचारतच न्हाई!"

 व्याह्यांनी संगणकात एक पान उघडलं. त्यात दोनच ओळी. वरच्या ओळीत चांदणीचं नाव आणि पुढं जुना नंबर, कधीकाळी त्यांनी स्वतःच लिहिलेला, जुन्या डब्यावर विश्वास नाही म्हणून. ती ओळ त्यांनी पुसली. नाव घातलं. चांदणी उघडली. मी छाती काढून उभा होतो, शाबासकीची वाट बघत. ते एवढंच म्हणाले, "सापडला व्हय." मग रजिस्टर काढून लिहिलं, "फॉल्ट निघाला." आणि पुढं माझं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. मग चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरले. मी तसाच प्यायलो.

एसटीत बसल्यावर छाती खाली आली. बेलापूरचा फाटा जाईपर्यंत मला कळून चुकलं होतं की आपण काय केलं. बक्षीस मिळाल्यासारखं ओरडून मी त्यांचं जायचं तिकीट काढलं होतं. आणि मग आणखी एक गोष्ट डोक्यात आली, ती अजून गेली नाही. ते पान उघडायला त्यांना शोधावं लागलं नव्हतं. हात सरळ तिथं गेला होता. पस्तीस वर्षं ज्यानं शहराचे फॉल्ट काढले त्याला आपल्याच हातची एक ओळ चार महिने सापडली नसेल? मी हे त्यांना विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं? पण लेकीचा फोन आला तेव्हा मी तिला म्हटलं, "तुझ्या सासऱ्यांना न्यायला या. चांदणी नीट झाली." दिवसभर ओल्या फरशीवर पडलेला माणूस मी बघितला होता. तेवढं तरी मला करायलाच पाहिजे होतं.

स्टेशनवर जावईबापू सामान चढवत होते. व्याही खिडकीत बसून डब्यातल्या पंख्याच्या वायरीकडं बघत होते. मग मला घराची किल्ली दिली. "मंगळवारी येत जावा. चांदणीवरची धूळ पुसा. मामावर कपडा टाका." गाडी हलली तेव्हा म्हणाले, "बॅटरी कपाटात हाय." मी म्हटलं, "माझी मी आनतो."

जावईबापूंनी अशी सोय करून दिली आहे की बंगळूरच्या चौदाव्या मजल्यावरूनही चांदणी नावानं उघडते. मी दर मंगळवारी जातो. कुलूप काढतो, धूळ पुसतो, एका माणसाचा चहा करतो आणि शिलाई मशिनीसमोर खुर्ची टाकून बसतो. चांदणीला एक हिरवा दिवा आहे. एरवी तो शांत असतो, कुणी पत्रिका उघडली की फडफडतो. अकराच्या सुमाराला तो फडफडायला लागतो. मग मला समजतं, पाव्हण्यांचा चहा झाला, आता बसलेत. कधी कधी बराच वेळ दिवा हलत नाही. एखादी मोठी पत्रिका वाचत असतील, मामांची रांग असलेली. मी पण थांबतो.

मागच्या मंगळवारी दिवा असाच फडफडत होता आणि माझा मोबाइल वाजला. व्याही होते. खोकले, माझ्या गुडघ्याचं विचारलं, तिथल्या लिफ्टची वायरिंग कशी चुकीची आहे ते सांगितलं. मग म्हणाले, "पाव्हणं, एक घोटाळा झालाय ओ. चांदणी परत नावानं लागंना. सकाळपासून हाक मारतोय, ओ देत न्हाई. जरा बघता का?"

समोर हिरवा दिवा नुसता नाचत होता. कुठली तरी पत्रिका उघडली जात होती, मग दुसरी, मग तिसरी. मी उठून कपाटातली बॅटरी काढली, लावून बघितली. सेल चांगले होते.

"अवघड दिसतंय," मी म्हटलं. "टेलपासून बघत यावं लागंल. येळ लागंल पाव्हणं."

"लागू द्या की," ते म्हणाले. "मी फोन धरून ठेवतो."